विश्लेषण : ‘ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू’ हे लॅपटॉपच्या बाबतीत कितपत खरे?

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की लॅपटॉपच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलाला किंवा मुलीला ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप हवा असतो आणि वडिलांचे बजेट त्याच्या पंधरा-वीस हजार अलीकडेच संपत असते. मग काउंटरमागून तोडगा येतो, ‘काका, आत्ता हा घेऊन टाका. पुढे गरज लागली तर ग्राफिक्स कार्ड नंतर टाकता येईल.’ काका पैसे भरतात. दोन वर्षांनी प्रोजेक्टच्या वेळी ब्लेंडर किंवा सॉलिडवर्क्स अडखळू लागते, तोच लॅपटॉप पुन्हा दुकानात जातो आणि तेव्हा कळते, की यात नवे कार्ड टाकायला जागाच नाही.

काउंटरवरचा माणूस दर वेळी फसवतच असतो असे नाही. डेस्कटॉपच्या बाबतीत त्याचे वाक्य खरे आहे. लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बदललेली त्याने रोज पाहिलेली असते. ग्राफिक्सचे प्रकरण मात्र वेगळे आहे. बाजारातल्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते. ती काढून दुसरी, अधिक ताकदीची बसवता येत नाही. असे का, याला अपवाद कोणते आणि लॅपटॉप घेऊन झाला असेल तर काय करता येते, ते पाहू.

तुमच्या लॅपटॉपमध्ये मुळात आहे काय?

ग्राफिक्स दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरच्याच पोटात बसवलेला. इंटेलचे यूएचडी, आयरिस एक्सई किंवा एएमडीच्या रायझन चिपमधले रेडिऑन ग्राफिक्स हे या प्रकारचे. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपची रॅमच वाटून घेते. दुसरा प्रकार डेडिकेटेड, म्हणजे स्वतंत्र चिप आणि तिच्या शेजारी तिची स्वतःची मेमरी. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६० वगैरे या गटात येतात.

इथेच खरेदीतला पहिला गोंधळ होतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात जीपीयूवर क्लिक केले, की ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ असा आकडा दिसतो. विंडोज तो साधारण एकूण रॅमच्या निम्मा दाखवते. १६ जीबी रॅम असेल तर जवळपास ८ जीबी. तो आकडा दाखवून ‘बघा, ८ जीबी ग्राफिक्स आहे’ असे सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे. ते ८ जीबी ग्राफिक्स नव्हे, गरज पडली तर रॅममधून उसना घेता येईल असा कोटा आहे. डेडिकेटेड चिप असेल तर त्याच पानावर ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ पुढे ४, ६ किंवा ८ जीबी दिसते, आणि डाव्या बाजूला बहुधा जीपीयू ० आणि जीपीयू १ अशा दोन नोंदी असतात. दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात तपासता येईल अशी ही गोष्ट आहे.

डेस्कटॉपमध्ये जमते, मग इथे का नाही?

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट असतो. ग्राफिक्स कार्ड हे त्यात खोचायचे स्वतंत्र सर्किट असते. त्यावर चिप, मेमरी, वीज नियंत्रित करणारी सर्किट्स आणि पंखे हे सगळे असते. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, त्याहून जास्त हवी असेल तर पॉवर सप्लायमधून थेट केबल जोडतात. जुने कार्ड काढा, नवे लावा, ड्रायव्हर टाका, झाले.

लॅपटॉपमध्ये हेच सगळे भाग असतात, पण ते एकाच मदरबोर्डवर पसरलेले असतात. ग्राफिक्सची चिप बीजीए पद्धतीची असते. तिच्या पोटाखाली शेकडो, मोठ्या चिपला तर हजाराहून जास्त, सोल्डरचे बारीक गोळे असतात आणि तेच तिला बोर्डाशी जोडतात. तिच्या भोवती मेमरीच्या चिप आणि त्या विशिष्ट चिपला लागेल तेवढीच वीज देणारी सर्किट्स असतात.

मग उष्णतेचा प्रश्न. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यावरून तांब्याच्या त्याच हीट पाइप जातात आणि त्याच पंख्यांकडे पोहोचतात. हा सांगाडा त्या मॉडेलच्या चिपची उंची आणि तिच्यातून निघणारी उष्णता मोजून बनवलेला असतो. शिवाय अॅडॅप्टर. साध्या लॅपटॉपचा अॅडॅप्टर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो, गेमिंग लॅपटॉपचा १८० ते ३३० वॅटचा. ६५ वॅटच्या यंत्रात ८० वॅट मागणारी चिप बसवली, तर ती वीज आणणार कुठून? शेवटी बायोसचे कुलूप असते. समोर कोणते ग्राफिक्स आहे, त्याला किती वीज द्यायची, पंखा कधी पळवायचा हे कंपनीने लिहिलेल्या फर्मवेअरमध्ये ठरलेले असते. अनोळखी चिप दिसली तर लॅपटॉप सुरू होईलच असे नाही.

म्हणजे चिप, मेमरी, वीज, उष्णता, बायोस या पाचही गोष्टी एकाच वेळी बदलाव्या लागतील. एवढे बदलल्यावर जुने उरते ते स्क्रीन, कीबोर्ड आणि बाहेरचा सांगाडा.

एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या बाजारात असतात, एक ग्राफिक्ससह, एक ग्राफिक्सशिवाय. मग वरच्या आवृत्तीचा मदरबोर्ड आणून खालच्या आवृत्तीत बसवला तर? तांत्रिकदृष्ट्या हा एकच रस्ता बऱ्यापैकी खरा आहे. पण बोर्डासोबत त्याची हीट पाइप, पंखे, अॅडॅप्टर आणि काही वेळा बॅटरीही घ्यावी लागते. वॉरंटी असेल तर ती जाते. सुट्या भागांचा हिशेब केला, की रक्कम त्याच वरच्या आवृत्तीच्या सेकंडहँड लॅपटॉपजवळ जाऊन पोहोचते. मग तो लॅपटॉपच का घेऊ नये?

चिप उचकटून दुसरी बसवली तर?

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो, रिबॉलिंग करणारे कारागीर सगळीकडे आहेत. गरम हवेच्या यंत्राने चिप उचलायची, जुने सोल्डर साफ करायचे, नवे गोळे बसवायचे आणि चिप पुन्हा जागेवर बसवायची, असे हे काम. त्यात मोठे कौशल्य आहे. पण ते दुरुस्तीसाठी आहे. त्याच जातीची चिप त्याच जागी बसते. आरटीएक्स ३०५० काढून तिथे ४०६० बसत नाही, कारण खालच्या गोळ्यांची मांडणीच वेगळी असते.

सोल्डर केलेल्या ग्राफिक्सचा दुसरा तोटा इथे समोर येतो आणि माझ्या मते तो अपग्रेडपेक्षा मोठा आहे. चिप बिघडली की सगळा मदरबोर्ड अडचणीत येतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केले, की आपल्या काही लॅपटॉप चिपमध्ये वापरलेले जोडसाहित्य कमकुवत निघाले असून त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते आणि या चक्रात आतले जोड तडकत होते. अॅपलच्या मॅकबुक प्रोसह अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपना त्याचा फटका बसला. पुढे २०११ च्या मॅकबुक प्रोमधील एएमडीचे ग्राफिक्स बंद पडू लागले, तेव्हा अॅपलला फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली. डेस्कटॉपमध्ये असे झाले असते, तर लोकांनी कार्ड बदलून काम पुढे चालू ठेवले असते.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे चुलतभावाचा जुना लॅपटॉप होता. एके दिवशी स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या, मग नुसता काळोख. तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी बोर्ड पाहिला आणि स्वच्छ सांगितले, ‘चिप गेली आहे. गरम करून देतो, पण तीन महिने चालला तर नशीब समज.’ अडीच महिने चालला. सबमिशन उरकले, एवढेच. नुसते गरम करून, म्हणजे रिफ्लो करून, सुरू झालेला लॅपटॉप हा बरा झालेला लॅपटॉप नसतो. कोणी त्यावर वर्षाची हमी देत असेल, तर चिप नवी घातली आहे का, एवढे नक्की विचारा.

पूर्वी बदलता येत होते म्हणतात, ते खरे का?

खरे आहे, पण ते महागड्या आणि जाडजूड लॅपटॉपपुरते. २००४ च्या सुमारास एनव्हिडियाने लॅपटॉप उत्पादकांना सोबत घेऊन एमएक्सएम नावाचे मानक आणले. हे लॅपटॉपसाठीचे छोटे ग्राफिक्स कार्डच होते. तिसऱ्या आवृत्तीत त्याचे दोन आकार ठरले, ८२ बाय ७० आणि ८२ बाय १०५ मिलिमीटर. स्क्रू काढायचे, कार्ड तिरके उचलायचे, नवे खोचायचे. डेलच्या प्रिसिजन मालिकेतले एम६८०० सारखे वर्कस्टेशन, एचपीचे काही झेडबुक, एमएसआयची जीटी मालिका, क्लेव्हो कंपनीचे लॅपटॉप यांत ते वापरले गेले.

कागदावर हे मानक होते. प्रत्यक्षात एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या लॅपटॉपमध्ये घातले, तर स्क्रूची भोके जुळत नसत, हीट पाइप नीट टेकत नसे, नाही तर बायोस हटून बसे. सुटी कार्डे दुकानात सहज मिळतही नसत. लोक ती परदेशी संकेतस्थळांवरून मागवत आणि ‘चालले तर चालले’ अशा बोलीवर लावत. दरम्यान लॅपटॉप पातळ होत गेले. एमएक्सएमचा कनेक्टर आणि त्यावरचे कार्ड यांची उंची सामावण्याइतकी जागाच आत उरली नाही. ग्राहकालाही दीड किलोचा लॅपटॉप हवा होता, साडेतीन किलोचा नव्हे. हा दोष एकट्या कंपन्यांचा नाही.

रिफर्बिश्ड बाजारात असे जुने वर्कस्टेशन अजून दिसतात आणि ‘ग्राफिक्स बदलता येते’ हे त्यांचे आकर्षण म्हणून सांगितले जाते. त्या दाव्यात तथ्य असते. पण दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला नवे कार्ड जोडण्यात पैसे घालू नयेत, असे माझे मत.

२०१९ मध्ये या कल्पनेला मोठ्या कंपनीने पुन्हा हात घातला. डेलच्या एलियनवेअर एरिया-५१एम या लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपचा सुटा प्रोसेसर होता आणि ग्राफिक्सही डेलच्या स्वतःच्या आकाराच्या कार्डावर होते. बदलता येणारा लॅपटॉप म्हणूनच त्याची जाहिरात झाली. पुढच्याच वर्षी नवे प्रोसेसर आणि आरटीएक्स सुपर मालिका आली, ती मात्र जुन्या यंत्रासाठी नव्हती, त्यासाठी एरिया-५१एमची दुसरी आवृत्ती घ्या, असा प्रकार झाला. २०२१ मध्ये अमेरिकेत यावरून डेलविरुद्ध खटला दाखल झाला. बदलता येईल असे सांगून विकले आणि पुढच्या पिढीचे भाग बसतच नाहीत, ही ग्राहकांची तक्रार होती. कार्ड सुटे असणे आणि त्या आकाराचे नवे कार्ड बाजारात येत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही.

फ्रेमवर्कने काय वेगळे केले?

सध्या या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देणारा ठळक लॅपटॉप म्हणजे अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीचा फ्रेमवर्क लॅपटॉप १६. त्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि २०२४ च्या सुरुवातीपासून तो ग्राहकांच्या हाती पोहोचला. त्याच्या मागच्या बाजूला एक खण आहे. ग्राफिक्सची चिप, तिची मेमरी आणि तिचे स्वतःचे पंखे हे सगळे एका सुट्या मॉड्यूलमध्ये असते आणि ते मॉड्यूल त्या खणात सरकवायचे. उष्णतेचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. पंखे मॉड्यूलसोबत येतात, त्यामुळे नव्या चिपसाठी जुन्या हीट पाइपवर अवलंबून राहावे लागत नाही.

सुरुवातीला त्यात एएमडीचे रेडिऑन आरएक्स ७७००एस होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चे मॉड्यूल जाहीर केले आणि ते आधी विकलेल्या लॅपटॉपमध्येही बसते. म्हणजे एएमडीचे ग्राफिक्स काढून एनव्हिडियाचे घालता आले, तेही घरी बसून. वचन देऊन ते पाळल्याचे असे उदाहरण लॅपटॉपच्या जगात क्वचितच सापडेल. किंमत मात्र ६९९ डॉलर, म्हणजे कर आणि वाहतूक सोडून ६० हजार रुपयांच्या पुढे. एवढ्यात आपल्याकडे एक बरा लॅपटॉप येतो. आपल्या दुकानांत हा लॅपटॉप मांडलेला दिसत नाही, तो भाग निराळा.

याच कंपनीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने फ्रेमवर्क डेस्कटॉप आणला. त्यात एएमडीची रायझन एआय मॅक्स ही चिप आहे, जिच्या पोटातले ग्राफिक्सच डेडिकेटेडच्या तोडीचे आहे. पण त्याची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. सुटे भाग हीच जिची ओळख, तिने असे का करावे? कंपनीचे स्पष्टीकरण असे, की सुटी रॅम लावून पाहण्याचा अभ्यास एएमडीच्या इंजिनीअरनी केला, पण सेकंदाला २५६ जीबी एवढ्या वेगाने माहिती नेताना सिग्नल धड राहत नव्हता. काही वेळा सोल्डर करण्यामागे कंपनीचा लोभ असतो, काही वेळा भौतिकशास्त्र असते. ग्राहकाला दोन्हींतला फरक बाहेरून कळत नाही, ही खरी अडचण.

बाहेरून कार्ड जोडण्याचे काय?

याला एक्सटर्नल जीपीयू किंवा ईजीपीयू म्हणतात. एका डब्यात डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय बसवायचा आणि केबलने लॅपटॉपला जोडायचे. हे खरोखर चालते. पण त्यासाठी लॅपटॉपला थंडरबोल्ट ३, ४, ५ किंवा योग्य क्षमतेचा यूएसबी-४ पोर्ट हवा. टाइप-सी दिसले म्हणजे थंडरबोल्ट असे नाही. पोर्टशेजारी विजेची खूण आहे का ते पाहा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलची माहिती वाचा. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये हा पोर्ट बहुधा नसतो. अॅपलने इंटेलच्या काळात, २०१८ मध्ये, मॅकला ईजीपीयूची मुभा दिली होती. एम१ पासूनच्या मॅकमध्ये ती नाही.

दुसरा मुद्दा वाटेच्या रुंदीचा. डेस्कटॉपच्या स्लॉटमधून, पीसीआय एक्सप्रेस ४ च्या सोळा मार्गिका धरल्या, तर सेकंदाला सुमारे २५० गिगाबिट माहिती जाते. थंडरबोल्ट ४ मधून ग्राफिक्सच्या वाट्याला ३२ गिगाबिट येतात. आठ पदरी रस्त्यावरची वाहतूक एका पदरातून सोडल्यासारखे. कार्डाची बरीच ताकद वाया जाते. त्यातही चित्र लॅपटॉपच्याच स्क्रीनवर परत आणायचे असेल, तर तीच केबल परतीच्या वाटेलाही वापरावी लागते, म्हणून वेगळा मॉनिटर जोडणे बरे. थंडरबोल्ट ५ आणि ऑक्युलिंक या जोडण्यांत ६४ गिगाबिट मिळतात, पण त्या अजून मोजक्या यंत्रांत आहेत.

आणि खर्च. रेझर कंपनीचा कोअर एक्स हा रिकामा डबा २०१८ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला होता. त्यात कार्ड नव्हते. डबा, कार्ड, मॉनिटर यांची बेरीज केली, की त्या पैशांत आपल्याकडे आख्खा डेस्कटॉप उभा राहतो. एसएसडीच्या एम.२ स्लॉटला अॅडॅप्टर लावून तिथून कार्ड जोडणारे हौशी लोक आहेत. त्यांचे व्हिडिओ बघायला मजा येते. लॅपटॉपची खालची पाटी उघडी ठेवून केबल बाहेर काढलेले ते यंत्र कॉलेजला नेता येणार नाही, एवढे लक्षात असू द्या.

मग हातात काहीच नाही का?

आहे, आणि त्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.

इंटिग्रेटेड ग्राफिक्स रॅम वाटून घेते, असे वर म्हटले. म्हणून रॅम किती वेगाने माहिती पुरवते यावर त्याची ताकद ठरते. अनेक लॅपटॉप ८ किंवा १६ जीबीच्या एकाच पट्टीसह विकले जातात, दुसरा स्लॉट रिकामा असतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते. दोन पट्ट्या लावल्या की रॅम ड्युअल चॅनेलमध्ये चालते आणि हा वेग दुप्पट, ५१.२ जीबी होतो. तुलनेसाठी सांगायचे तर लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ला तिच्या स्वतःच्या मेमरीकडून सेकंदाला २५६ जीबी मिळतात. म्हणजे एका पट्टीवर चालणारे इंटिग्रेटेड ग्राफिक्स अर्धपोटी धावत असते.

इंटेलने तर हे नावातच बांधले आहे. ११ व्या पिढीपासून अनेक कोअर आय-५ आणि आय-७ चिपमध्ये आयरिस एक्सई ग्राफिक्स आहे. पण रॅम ड्युअल चॅनेलमध्ये नसेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच चिपचे नाव नुसते ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे दिसते. दुसरी पट्टी लावली, की नाव बदलून आयरिस एक्सई होते. खोक्यावर आयरिस एक्सई लिहिले होते आणि लॅपटॉपमध्ये यूएचडी दिसते, अशी तक्रार करणाऱ्यांचे कारण बहुधा हेच. कोअर अल्ट्रा मालिकेत काही चिपना ‘आर्क’ हे नाव मिळण्यासाठीही ड्युअल चॅनेलची अट आहे.

तपासायचे असे : टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे ‘२ पैकी १’ असे दिसले, तर जागा आहे. मात्र ‘फॉर्म फॅक्टर’ पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिले असेल, तर रॅम सोल्डर केलेली आहे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, तिथे प्रश्नच मिटला. नवी पट्टी घेताना डीडीआर४ की डीडीआर५, वेग किती, हे जुन्या पट्टीवरून पाहून घ्या. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या, त्यामुळे हा उपाय पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. तरी ग्राफिक्ससाठी करता येणारा हा सर्वांत कमी खर्चाचा आणि खरा बदल आहे. यातून यूएचडीचे आरटीएक्स होणार नाही. पण फोटोशॉप, हलके व्हिडिओ संपादन, साधे गेम यांत फरक जाणवतो.

डेडिकेटेड ग्राफिक्स असलेला जुना लॅपटॉप मंदावला असेल, तर आधी तो उघडून धूळ साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट बदला. तीन-चार वर्षांत ती वाळते, चिप तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. नवे ग्राफिक्स हवे, असे वाटणाऱ्या काही लॅपटॉपना प्रत्यक्षात एवढ्याचीच गरज असते. चार्जर लावलेला असणे आणि पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर असणे हेही पाहा. बॅटरीवर ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालत नाही.

मशीन लर्निंग शिकणाऱ्यांसाठी गुगल कोलॅब हा पर्याय आहे. ब्राउझरमध्ये चालतो, मोफत वापरातही अनेकदा १६ जीबी मेमरीची टी४ चिप मिळते. वेळेची मर्यादा असते आणि चिप नेहमी मिळेलच असे नाही, पण असाइनमेंट निभावतात.

विकत घेताना काय पाहायचे?

आधी गरज आहे का ते ठरवा. संगणक शाखेच्या पहिल्या दोन वर्षांतल्या सी, जावा, डेटाबेस यांना डेडिकेटेड ग्राफिक्स लागत नाही. त्यासाठी वीस हजार जादा घालण्यापेक्षा १६ जीबी रॅम आणि चांगला स्क्रीन घ्यावा. आर्किटेक्चर, अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेम डिझाइन किंवा थ्रीडी मॉडेलिंग करणार असाल तर मात्र ते पहिल्या दिवशीच घ्या, कारण दुसरी संधी मिळत नाही.

घ्यायचे ठरले तर नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच नावाची चिप वेगवेगळ्या वीजमर्यादेवर चालते. या मर्यादेला टीजीपी म्हणतात. एनव्हिडियाच्या माहितीनुसार लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते, वर थोडा बूस्ट. पातळ लॅपटॉपमधली ४५ वॅटची ४०६० आणि जाड लॅपटॉपमधली ११५ वॅटची ४०६० यांचे स्टिकर सारखेच, काम सारखे नाही. २०२१ मध्ये एनव्हिडियाने कंपन्यांना हा आकडा उत्पादनाच्या माहितीत द्यायला सांगितले. तो बहुधा अगदी खाली, बारीक अक्षरांत असतो. शोधा. डेस्कटॉपच्या नावाशी तुलना तर करूच नका. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६ जीबी मेमरी आणि कमाल १७५ वॅट, डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये २४ जीबी आणि ४५० वॅट. आतली चिपही वेगळी, नाव मात्र तेच.

नंतर बदलता येत नाही म्हणून ग्राफिक्सच्या मेमरीचा आकडाही महत्त्वाचा. मोठा सीन ४ जीबीत मावला नाही, की रेंडर नुसते मंदावत नाही, अनेकदा थांबतेच. दोन मॉडेलांत अडकला असाल, तर जास्त मेमरीचे घ्या, असे मी सांगेन.

दुकानदार ‘अपग्रेडेबल’ म्हणाला तर काय अपग्रेड होते, हे बिलावर लिहून मागा. रॅम, एसएसडी की ग्राफिक्स? लिहायला सांगितले की उत्तर बहुधा बदलते. लेखी दिलेले खोटे निघाले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तोंडी आश्वासनाच्या तक्रारीत फारसा दम नसतो.

आणि लॅपटॉप आधीच घेऊन झाला असेल, तो तुम्ही विकू शकत नसाल आणि थ्रीडीचे काम अंगावर आलेच असेल, तर ईजीपीयूच्या मागे लागण्याआधी एका सेकंडहँड डेस्कटॉपचा भाव काढा. लॅपटॉप कॉलेजसाठी, डेस्कटॉप घरी रेंडरसाठी. त्याच्या बाबतीत ‘कार्ड नंतर टाकू’ हे चालते. फक्त पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि कॅबिनेटमध्ये लांब कार्ड मावेल का, हे घेण्याआधी पाहून ठेवा.